साधन आणि साध्य : अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलींच्या शिक्षणविचाराची चिकित्सा

१

सामाजिक शिक्षणाच्या कोणत्याही कार्याचे मूल्यमापन करताना सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. ते कार्य किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले हा पहिला, आणि त्यापासून समाजास कोणता उपयोग झाला हा दुसरा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय मुलींसाठी १८३३ पासून जी विद्यालये, मंडळे आणि उपक्रम निघाले, त्यांचे परीक्षणही बहुधा या दोन प्रश्नांच्या आधारेच झालेले आहे. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ते पुरेसे नाहीत. जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे ती मुलगी या योजनेत साधन आहे की साध्य आहे, हा तिसरा प्रश्न त्यांच्याआड झाकला जातो. तिने शिकावे ते कुटुंबाच्या, समाजाच्या वा वंशाच्या उद्धारासाठी, की तिला शिकावेसे वाटते एवढ्याच कारणासाठी? अलीकडे सर्वत्र रूढ झालेल्या 'सक्षमीकरण' या शब्दाने हा प्रश्न सुटत नाही. सामर्थ्य कोणी द्यावयाचे, कोणत्या कार्यासाठी द्यावयाचे आणि ते कसे वापरावयाचे हे कोणी ठरवावयाचे, याविषयी तो शब्द मौन बाळगतो.

या तिसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने काही प्रमुख ग्रंथांची आणि संस्थांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जुन्या संस्थांच्या नावांत 'निग्रो' वा 'कलर्ड' असे शब्द येतात. विवेचनात मात्र 'कृष्णवर्णीय' ही संज्ञा योजिली आहे.

मराठी वाचकास हा विषय सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केला होता, हे सर्वश्रुत आहे. हे अर्पण करणारा लेखक स्वतः मुलींच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या शाळांचा संस्थापक होता, ही गोष्ट त्या अर्पणाचा विचार करताना विसरता कामा नये. दास्यविमोचन आणि स्त्रीशिक्षण या दोन बाबी त्याच्या ठिकाणी एकत्र आल्या होत्या. अमेरिकेत त्या एकत्र येताना कोणत्या अडचणी उद्भवल्या, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

२

आरंभ कनेक्टिकट संस्थानातील कँटरबरी या लहानशा गावापासून करावा लागतो. तेथे प्रुडन्स क्रँडल या श्वेतवर्णीय शिक्षिकेची मुलींची शाळा होती. १८३२ च्या अखेरीस सेरा हॅरिस या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीने त्या शाळेत प्रवेश मागितला. आपल्या समाजातील मुलांना शिकविता यावे एवढे ज्ञान आपणास मिळावे, असे तिने सांगितले होते. प्रवेश मिळाला आणि श्वेतवर्णीय पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. तेव्हा क्रँडल यांनी माघार न घेता १८३३ च्या एप्रिलमध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलींसाठी म्हणून शाळा नव्याने उघडली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संस्थानाच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला. गावाच्या अनुमतीवाचून परसंस्थानांतील कृष्णवर्णीयांना शिकविणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. क्रँडल यांना अटक झाली, खटले चालले, आणि सप्टेंबर १८३४ मध्ये रात्री जमावाने शाळेवर हल्ला केल्यावर ती कायमची बंद पडली. कायदा रद्द होण्यास १८३८ साल उजाडले.

या प्रकरणाचे वर्णन बहुधा क्रँडल यांच्या धैर्याची कथा म्हणून केले जाते, आणि ते धैर्य वादातीत आहे. तथापि कथेचा उगम एका विद्यार्थिनीच्या मागणीत आहे, याकडे दुर्लक्ष होते. शाळा सेरा हॅरिसकडे चालत आली नाही. सेरा हॅरिस शाळेकडे गेली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. आपली मागणी मांडताना तिने तिचे समर्थन इतरांच्या हिताने केले. मला शिकावयाचे आहे एवढेच म्हणणे त्या काळी तिला पुरेसे वाटले नसावे. ज्ञानाची इच्छा सेवेच्या वस्त्रात गुंडाळून मांडावी लागणे, हा या परंपरेचा पहिल्या दिवसापासूनचा विशेष आहे.

३

या परंपरेतील सर्वांत समर्थ वैचारिक ग्रंथ म्हणजे अॅना ज्यूलिया कूपर यांचा १८९२ साली प्रसिद्ध झालेला 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' हा होय. नॉर्थ कॅरोलिनातील रॉली येथे १८५८ च्या सुमारास दास्यात जन्मलेल्या या स्त्रीने १८८४ मध्ये ओबर्लिन महाविद्यालयाची पदवी घेतली आणि १९२५ मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर, पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात स्त्रियांचा प्रश्न आहे, दुसऱ्यात वंशाचा आणि राष्ट्राचा. या दोन्ही भागांना संगीताच्या परिभाषेतील शीर्षके दिलेली आहेत. एकट्या स्त्रीचा स्वर आधी आणि समूहाचा घोष नंतर, असा हा क्रम आहे.

पहिल्या निबंधाचा मूळ पाया कूपर यांनी १८८६ साली कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे. कोणत्याही वंशाची प्रगती त्याच्या काही निवडक कर्तबगार पुरुषांवरून मोजता येत नाही, ती त्यातील स्त्रियांच्या स्थितीवरून मोजावी लागते. यास्तव दक्षिणेतील असंरक्षित कृष्णवर्णीय मुलींचे शिक्षण हे वंशाच्या पुनरुत्थानाचे आद्य कार्य होय. हा युक्तिवाद परिणामकारक आहे, कारण श्रोत्यांच्या मनात जे ध्येय आधीच प्रतिष्ठित होते त्यालाच तो मुलींचा प्रश्न जोडतो. परंतु त्याची मर्यादाही येथेच आहे. मुलगी शिकावी ती वंशाची भावी माता आणि शिक्षिका म्हणून. वंशाचे हित दुसऱ्या मार्गाने साधले असते तर तिच्या शिक्षणाचे प्रयोजन उरले असते काय, हा प्रश्न निबंधात उपस्थितच होत नाही.

मात्र याच ग्रंथातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयीच्या निबंधात निराळा सूर ऐकू येतो. सेंट ऑगस्टीन्स विद्यालयात विद्यार्थिनी असताना ग्रीक भाषेचा वर्ग केवळ धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी निघाला, त्या वेळी आपण त्यात प्रवेश कसा मागितला, हे कूपर यांनी तेथे सांगितले आहे. ईश्वरविद्येकडे वळणाऱ्या सामान्य कुवतीच्या मुलालाही सर्व साहाय्य मिळते, आणि मुलीची ओढ कितीही तीव्र असली तरी बाहेरून तिला कोणी हाक घालीत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. या तक्रारीत वंशाच्या उद्धाराचा आधार घेतलेला नाही. ग्रीक भाषा शिकल्याने त्या मुलीचा समाजाला कोणता उपयोग होणार होता, याचे उत्तर कूपर देत नाहीत. ते देण्याची त्यांना गरजही भासत नाही. पुढे त्यांनी कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांची गणनाच मांडली आहे. फिस्क विद्यापीठाच्या १२, ओबर्लिनच्या ५, आणि हॉवर्डची तोवर एकही नाही, असे ते आकडे आहेत. आकडेवारीच्या या कोरडेपणात जी चीड दडली आहे ती युक्तिवादाच्या अलंकारिक भागापेक्षा अधिक बोलकी आहे.

ग्रंथातील आणखी एक प्रसंग टीकाकारांनी वारंवार उल्लेखिला आहे. दक्षिणेतील एका रेल्वे स्थानकावर दोन खोल्यांवर दोन पाट्या दिसतात, एक स्त्रियांसाठी आणि दुसरी कृष्णवर्णीयांसाठी. आपण कोणत्या पाटीखाली जावे, असा प्रश्न तेथे उभ्या असलेल्या लेखिकेस पडतो. समाजाने केलेल्या दोन वर्गीकरणांच्या मध्ये जी व्यक्ती उरते तिला कोणत्याच खोलीत जागा नाही, हे या प्रसंगाने अत्यल्प शब्दांत दाखविले आहे. वंशाच्या नावाने बोलणाऱ्यांनी स्त्री गाळली आणि स्त्रियांच्या नावाने बोलणाऱ्यांनी कृष्णवर्णीय स्त्री गाळली, हा कूपर यांचा मुख्य आक्षेप आजही निरुत्तर आहे.

सारांश, 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' या ग्रंथात दोन भूमिका एकत्र नांदतात. सभेपुढे मांडावयाची भूमिका मुलीला साधन मानते. अनुभवातून निघालेली भूमिका तिला साध्य मानते. हा ग्रंथाचा दोष आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या श्रोत्यांच्या हाती देणग्या आणि व्यासपीठे होती, त्यांना दुसरी भूमिका पटविता आली नसती, हेही मान्य केले पाहिजे. वॉशिंग्टनमधील एम स्ट्रीट हायस्कूलच्या मुख्याध्यापक असताना कूपर यांनी अभिजात भाषांचा अभ्यासक्रम नेटाने टिकविला, त्यांच्या विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळाले, आणि कृष्णवर्णीयांना धंदेशिक्षणच पुरे मानणाऱ्या वातावरणात उठलेल्या वादात १९०६ साली त्यांचे पद गेले. दुसऱ्या भूमिकेची किंमत काय पडते, हे त्यांना प्रत्यक्ष भोगावे लागले.

४

एम स्ट्रीट हायस्कूलमध्येच शिकलेल्या नॅनी हेलन बरोज यांनी निराळा मार्ग स्वीकारला. १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या ईशान्य भागात, लिंकन हाइट्स येथे, 'नॅशनल ट्रेनिंग स्कूल फॉर विमेन अँड गर्ल्स' ही संस्था उघडली. बायबल, स्नान आणि झाडू या तीन गोष्टी तिच्या शिक्षणाचा पाया म्हणून सांगितल्या जात. गृहकृत्ये, शुश्रूषा, मुद्रण, हिशेबनवीसी इत्यादी विषय तेथे शिकविले जात आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास प्रत्येक विद्यार्थिनीस सक्तीचा होता.

झाडूचा हा पुरस्कार प्रथमदर्शनी कूपर यांच्या ग्रीक वर्गाच्या अगदी उलट वाटतो, आणि काही टीकाकारांनी त्यात केवळ आज्ञाधारक मोलकरणी घडविण्याची योजना पाहिली आहे. हा अभिप्राय एकांगी आहे. त्या काळी घराबाहेर मजुरी करणाऱ्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया शेतीत वा परक्याच्या घरकामात होत्या. ते काम अकुशल आणि म्हणून हलके मानले जाई. बरोज यांनी त्याला शिक्षण, कौशल्य आणि प्रमाणपत्र देऊन कुशल व्यवसायाचा दर्जा मिळवून देण्याचा प्रयत्न केला. १९२१ साली त्यांनी कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रियांची संघटना उभारण्याचा उद्योग आरंभिला, त्याची संगती या दृष्टीनेच लागते. संस्थेचा पैसाही मुख्यतः बाप्टिस्ट मंडळांतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लहानलहान देणग्यांतून उभा राहिला. मॅगी लीना वॉकर यांची ५०० डॉलरची देणगी त्यांत मोठी समजली गेली. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याही अहवालात येणार नाही अशा स्त्रीच्या पैशावर ही संस्था चालली, आणि त्यामुळे ती बाहेरच्या धनिकांपुढे ओशाळी राहिली नाही.

परंतु ज्या समाजाने पैसा दिला त्याने काही अपेक्षाही ठेविल्या. इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या अपेक्षांना 'प्रतिष्ठेचे राजकारण' अशा अर्थाची संज्ञा दिली आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी जी हीन कल्पना प्रचलित होती तिचे खंडन प्रत्येक मुलीने आपल्या वेषाने, भाषेने आणि चालचलणुकीने करावे, अशी ही नीती होती. तिने पुष्कळ बळ दिले, हे हिगिनबॉथम यांनी साधार दाखविले आहे. आणि ज्या मुली त्या मापात बसल्या नाहीत त्यांना तिने दोषी ठरविले, हेही त्यांनी लपविलेले नाही. स्वच्छ पोशाखातील विद्यार्थिनी ही सगळ्या समाजाच्या वतीने सतत परीक्षेस बसलेली असते. तिला चुकण्याची मुभा नसते. शिक्षणात चुकण्याची मुभा नसणे ही लहान गोष्ट नव्हे.

५

मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचे कार्य या दोन्ही मार्गांच्या मधले आहे. ३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे त्यांनी पाच लहान मुली घेऊन शाळा सुरू केली. जवळ दीड डॉलर होता असे सांगितले जाते. गावाचा केरकचरा टाकण्याची जागा विकत घेऊन तीवर पुढे इमारती उठल्या. डेटोना हे धनिक श्वेतवर्णीयांचे हिवाळी वास्तव्याचे गाव असल्यामुळे निधीचा एक मार्ग तेथील पाहुण्यांकडे जाई. साबणाचे कारखानदार जेम्स गॅम्बल हे विश्वस्त झाले. शाळेतील मुली उपाहारगृहांत आणि निवासगृहांत पाहुण्यांपुढे भजने गात आणि देणग्या मिळत.

येथे साधन आणि साध्य यांचा प्रश्न फारच स्पष्ट होतो. ज्या मुलींचे शिक्षण चालावे म्हणून पैसा हवा, त्या मुलींनीच दात्यांचे मन रिझवावयाचे. बेथ्यून यांना यातील विसंगती दिसत नसावी, असे मानण्याचे कारण नाही; शाळेत भरणाऱ्या रविवारच्या सभांत गोऱ्या पाहुण्यांना वेगळी आसने न देण्याचा नियम त्यांनी पाळला, यावरून त्यांची जाणीव उघड होते. त्याच संस्थेत याच्या उलट असे उदाहरणही आढळते. एका आजारी विद्यार्थिनीला गावातील रुग्णालयात योग्य जागा मिळाली नाही, तेव्हा बेथ्यून यांनी शाळेशेजारी स्वतंत्र रुग्णालय काढले. एका मुलीचे दुखणे संस्थेला नव्या दिशेने वळवू शकले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तेथे मुलगी संस्थेच्या उपयोगाची नव्हती. संस्था मुलीच्या उपयोगी पडली.

१९२३ साली ही शाळा कुकमन विद्यालयात विलीन झाली आणि मुलामुलींचे संयुक्त महाविद्यालय निर्माण झाले. आर्थिक आणि शैक्षणिक दृष्टीने हे पाऊल अपरिहार्य असेल. तथापि 'वंशाची प्रगती' या व्यापक ध्येयात 'मुलींची शाळा' हे विशिष्ट ध्येय विरून गेले, याची नोंद या विलीनीकरणाच्या गौरवपर वृत्तांतांत क्वचितच सापडते.

६

विद्यार्थ्यांनाच विचारून अभ्यासक्रम ठरविण्याची पद्धती या परंपरेत अगदीच नव्हती असे नाही. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळील जॉन्स बेटावर जानेवारी १९५७ मध्ये सेप्टिमा क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नागरिकत्वशाळा उघडली. व्यवसायाने केशभूषा आणि शिवणकाम करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना शिक्षिका नेमले, ते त्या प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या म्हणूनच. तुम्हाला काय शिकावयाचे आहे, असे त्यांनी वर्गातील प्रौढांना प्रथम विचारले. सही करता यावी, बायबल वाचता यावे, पैशाची मनिऑर्डर भरता यावी, अशी उत्तरे मिळाली, आणि त्या उत्तरांतूनच मतदारनोंदणीकडे जाणारा पाठ तयार झाला. प्रौढांच्या बाबतीत हा मान ठेवला गेला. मुलींच्या बाबतीत तो ठेवला जाण्यास मात्र आणखी अर्धे शतक लागले.

सांप्रतच्या स्थितीची कल्पना येण्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. २०११-१२ या वर्षाची जी शासकीय आकडेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीनुसार अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय मुलींपैकी शेकडा १२ मुलींना निलंबनाची शिक्षा झाली होती. श्वेतवर्णीय मुलींत हे प्रमाण शेकडा २ होते. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधिशाखेने २०१७ मध्ये ३२५ प्रौढांच्या मतांची पाहणी प्रसिद्ध केली. समवयस्क श्वेतवर्णीय मुलींपेक्षा कृष्णवर्णीय मुलींना आधाराची आणि सांभाळाची गरज कमी असते, अशी समजूत तीत आढळली. आणि ही समजूत अगदी पाच वर्षांच्या मुलींपासून सुरू होत होती. बालपण नाकारले गेल्यावर चुकण्याची मुभाही जाते, आणि चुकीचे रूपांतर अपराधात होते. २०१४ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी वर्णीय मुलगे आणि तरुण यांच्यासाठी जी राष्ट्रीय योजना घोषित केली, तीत मुलींना स्थान नव्हते. म्हणून एक हजाराहून अधिक स्त्रियांनी जाहीर पत्राद्वारे आक्षेप घेतला. रेल्वे स्थानकावरील दोन पाट्या १८९२ नंतर सव्वाशे वर्षांनीही पुरत्या उतरल्या नव्हत्या.

याच काळात मुलींच्या सक्षमीकरणाचे अनेक उपक्रम निघाले. त्यांतील पुष्कळांची भाषा धोक्याची आहे. शाळा सोडण्याचा धोका, अकाली मातृत्वाचा धोका, गुन्हेगारीचा धोका, आणि त्यांपासून वाचविण्यासाठी आत्मविश्वास आणि शिष्टाचार यांचे पाठ. रूथ निकोल ब्राउन यांनी या भाषेवर मूलगामी टीका केली आहे. २००६ साली इलिनॉयमधील शँपेन-अर्बाना येथे त्यांनी 'सॉल्हॉट' या संक्षिप्त नावाने कृष्णवर्णीय मुलींचे एक एकत्र येण्याचे स्थान सुरू केले आणि २००९ मध्ये 'ब्लॅक गर्लहुड सेलिब्रेशन' व २०१३ मध्ये 'हिअर अवर ट्रूथ्स' या ग्रंथांत त्यामागील विचार मांडला. मुलींना सुधारण्यासाठी निघालेला उपक्रम प्रत्यक्षात त्यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचे नवे साधन होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सॉल्हॉटमध्ये नृत्य, गाणे, नाट्य आणि गप्पा यांतून मुली जे निर्माण करतात तेच ज्ञान मानले जाते. तेथे येणाऱ्या प्रौढ स्त्रियांना मार्गदर्शिका न म्हणता 'होमगर्ल', म्हणजे आपल्याच वस्तीतली मैत्रीण, म्हटले जाते. आणि मुलींबरोबर आपणही बदलावे अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते.

कूपर यांच्या ग्रंथात जी भूमिका केवळ आत्मकथनाच्या ओघात प्रकटली होती, ती ब्राउन यांनी सिद्धान्ताच्या पदवीस पोहोचविली, हे त्यांचे श्रेय होय. मुलीचे असणे हेच पुरेसे प्रयोजन आहे, असे म्हणण्याचे धैर्य या परंपरेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसते. परंतु या भूमिकेचीही चिकित्सा करणे प्राप्त आहे. साजरे करणे म्हणजे शिकविणे नव्हे. ज्या मुलीला बीजगणित येत नाही तिच्या नृत्याचे मोल मानल्याने बीजगणिताची उणीव भरून निघत नाही, आणि त्या उणिवेचे परिणाम तिलाच सोसावे लागतात. शिवाय असे स्थान विद्यापीठातील प्राध्यापकांच्या आणि स्वयंसेवकांच्या उत्साहावर उभे असते. बरोज यांच्या संस्थेची जमीन, इमारत आणि छापखाना होता. दाते बदलले तरी भिंती उभ्या होत्या. मुलीचे ऐकून घेणारी परंतु स्वतःचे घर नसलेली जागा, आणि स्वतःचे घर असलेली परंतु मुलीचे न ऐकणारी शाळा, यांपैकी कोणती श्रेष्ठ हा वाद निष्फळ आहे. एकीची उणीव दुसरीने उघडी केली आहे.

ब्राउन यांची भूमिका मानणाऱ्यांकडून याला एक उत्तर दिले जाईल. बीजगणित शिकविणे हे सार्वजनिक शाळेचे काम आहे. ती आपले काम करीत नाही याचा जाब सामाजिक उपक्रमास का विचारावा? या उत्तरात तथ्य आहे. तथापि कृष्णवर्णीय समाजाने क्रँडल यांच्या काळापासून आपल्या शाळा काढल्या आणि जपल्या, त्या शासन आपले काम करीत नव्हते म्हणूनच. ज्ञानाचा हक्क इतरांवर सोपवून केवळ आनंदाचे क्षेत्र आपल्याकडे ठेवणे, ही या परंपरेच्या दृष्टीने माघार ठरेल.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. उपयुक्ततेचा युक्तिवाद हा या संस्थांचा नैतिक दोष नव्हता. निर्धन आणि अवमानित समाजाकडून मुलींसाठी पैसा व मान्यता मिळविण्याचा तो एकमेव उपलब्ध मार्ग होता. परंतु मार्ग म्हणून स्वीकारलेली गोष्ट कालांतराने ध्येय होऊन बसली, आणि मग जी मुलगी उपयोगी दिसेना तिला संस्थेत स्थान उरले नाही. आजच्या उपक्रमांच्या अहवालांत आढळणारी 'धोक्या'ची भाषा ही त्याच युक्तिवादाची उलट बाजू आहे. पूर्वी मुलगी समाजाचे भले करील म्हणून तिला शिकवावयाचे. आता ती समाजाचे नुकसान करील म्हणून.

तेव्हा अशा कोणत्याही कार्याचे परीक्षण करताना संख्या आणि उपयोग यांच्या जोडीस तीन कसोट्या लावणे इष्ट ठरेल. संस्थेचा पैसा कोणाचा आहे, आणि तो देणाऱ्यास मुलीकडून कशाची अपेक्षा आहे? मुलीने सांगितलेल्या गोष्टीमुळे संस्थेचा एखादा नियम, विषय वा इमारत बदलल्याचे उदाहरण दाखविता येते काय? आणि तिसरी कसोटी, जिच्यापासून कोणताही उपयोग संभवत नाही अशा मुलीला तेथे राहता येते काय? डेटोनाचे रुग्णालय दुसऱ्या कसोटीस उतरते. तेथील पाहुण्यांपुढील भजने पहिल्या कसोटीस उतरत नाहीत. तिसरीस पूर्णपणे उतरणारी संस्था या इतिहासात विरळाच आढळते.

मराठी अभ्यासकास येथे मुक्ता साळवे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. फुले यांच्या शाळेतील या मांग जातीच्या विद्यार्थिनीने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. तो निबंध स्त्रीशिक्षणाचे फळ म्हणून दाखविण्याची रीत पडली आहे. तो तसा आहेही. परंतु तो मुळात एका मुलीने आपल्या समाजाविषयी स्वतःच्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष आहे, आणि त्याचे वाचन त्याच नात्याने व्हावयास हवे. सेरा हॅरिसची मागणी, कूपर यांचा ग्रीक वर्ग आणि मुक्ता साळवे यांचा निबंध यांच्या देशकालपरिस्थिती भिन्न आहेत. तथापि तिन्ही ठिकाणी बोलण्यास आरंभ विद्यार्थिनीने केला आहे. तिचे ते बोलणे पुराव्याच्या शेवटी जोडावयाचे परिशिष्ट न मानता परीक्षणाचा आरंभबिंदू मानले, तर या विषयावरील संशोधनाची दिशा बदलल्यावाचून राहणार नाही.